याला काही लागत नाही

१० फेब्रुवारी १९४६, रविवार

आज ह्यांनी स्वतःहून एक वस्तू मागितली. डिसेंबरात परत आल्यापासून ही पहिलीच. म्हणून ही वही पुन्हा काढली. हे सिंगापूरला कैदेत होते त्या वर्षांत मी हिच्यात लिहीत होते, आणि हे आल्यावर आता कशाला लागतेय म्हणून ट्रंकेच्या तळाशी टाकली होती. लागेल असं दिसतंय.

नगरच्या कँपात एका मेजरसाहेबाच्या बंगल्यावर लिलाव होता. साहेबाची मडम विलायतेला परत निघालीय. शाळेसाठी एखादं कपाट मिळालं तर बघावं म्हणून मी गेले, आणि घरात भिंतीकडे बघत बसतात म्हणून ह्यांना बळंच बरोबर नेलं. लोक खुर्च्या उलट्यासुलट्या करून बघत होते, आणि हे मागच्या बाजूला जाऊन एका अर्ध्या पिंपापुढे उकिडवे बसलेले. पिंपात एक झुडूप. झुडूप तरी कसं म्हणावं? उभं राहायचा कंटाळा केल्यासारखं चारी बाजूंना आडवं पसरलेलं, पिंपाच्या काठावरून खाली उतरलेलं. पानं नाहीत, सुरूला असतात तसे बारीक हिरवे खवले. मडम म्हणाली, जुनिपर, बारा महिने हिरवं. मी एक टोक चुरगाळून पाहिलं. नव्या पेन्सिलीला टोक काढताना येतो तो वास. पण फूल नाही, देवाला वाहता येत नाही, आणि सावली म्हणावी तर तिच्याखाली मांजरही मावणार नाही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"याला काही लागत नाही."

"म्हणजे?"

"मडम सांगते ना. खायला नको, प्यायला नको. मागत नाही काही. तसंच राहतं."

दोन महिन्यांत ह्यांच्या तोंडून इतकं लांब बोलणं ऐकलं नव्हतं. कपाट राहिलं आणि झुडूप टांग्यात घालून आणलं. काही झालं तरी हे मरू द्यायचं नाही. माझा नवरा मला पूर्वीसारखा परत हवाय, आणि सुरुवात इथून करायची असं मी ठरवलंय.

१२ फेब्रुवारी

पिंपाला मडमेनं एक चिठ्ठी अडकवली होती. इंग्रजीत चारच ओळी. उन्हात ठेवा. पाणी क्वचित. खत नको. फार लक्ष देऊ नये.

घरकामाचा कंटाळा असलेली बाई आणखी काय लिहिणार? वीस वर्षं मुलींना शिकवतेय मी. फार लक्ष न दिल्यानं सुधारलेली एकही मुलगी मला माहीत नाही.

आज पिंप फोडून झुडूप न्हाणीच्या मागे लावलं. तिथली माती काळी कुळकुळीत, आणि न्हाणीचं पाणी बारा महिने वाहतं. अळू, केळ, सगळं तिथंच पोसलं आहे. खड्ड्यात दोन पाट्या शेणखत आणि भुईमुगाची पेंड घातली. हे ओट्यावरून बघत होते. मी विचारलं, "बरोबर ना?" तेव्हा मान हलवली. होकाराची होती असं मी धरलं.

३ मार्च, रविवार

लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. वजन अजून कमीच आहे. डॉक्टर म्हणाले, वजन भरेल, पण घाई करू नका. माणसाला जरा त्याच्या त्याच्यावर सोडा. नवऱ्याला सोडायला काय तो पतंग आहे?

जेवायचंच मोठं संकट होऊन बसलंय. ताटात अर्धी पोळी उरलेली असतानाच हे "पुरे" म्हणतात. आता पुरे म्हटल्यावर वाढायचं नाही तर कधी वाढायचं? आमच्या आईची शिकवण होती, पहिलं पुरे शिष्टाचाराचं, दुसरं भिडेचं, तिसऱ्याला वाढणाऱ्यानं थोडा विचार करावा. लग्नानंतर ह्यांच्या घरच्यांनी माझं नाव काढलं ते पहिल्यांदा ह्याच गुणावरून. सासरे म्हणायचे, प्रेमलेच्या पंगतीतून कोणी स्वतःच्या पायांनी उठत नाही.

आज मी तव्यावरची पोळी आणली आणि म्हटलं, "ही एवढी. माझ्यासाठी."

"पुरे."

"अर्धी?"

"पुरे म्हटलं ना." आणि उठले. हात न धुताच बाहेर गेले. माझ्या हाताला पूर्वीची चव राहिली नसेल. चार वर्षं एकटीसाठी पिठलं-भात करून करून हात बिघडतोच. उद्यापासून रोज एक गोड करायचं.

२१ एप्रिल, रविवार

ऊन मी म्हणतंय. झुडपाला सकाळी दोन कळशा, संध्याकाळी दोन, शिवाय तांदळाचं धुवण. फांद्या जमिनीवर लोळतात ते मला बघवेना, म्हणून बोरूच्या काड्या रोवून सुतळीनं वर बांधल्या. आता जरा झाडासारखं दिसतं.

झुंबरबाई आली होती. पारनेरच्या वरच्या अंगाला आमच्या वाट्याची जी मुरमाड जमीन आहे, ती ही आणि हिचा नवरा पुंजाराम कसतात. बाजरीचं पोतं घेऊन आली आणि झुडपासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, ह्याला कशापायी बांधून घातलं?"

"पडतंय ते."

"पडत न्हाई. निजतंय. त्येची जातच ती." मग वाकून बोटानं माती उकरली. "आन पानी लई झालंय. काळीत पानी हटत न्हाई. ह्ये मुरमातलं झाड दिसतंय."

तिनं जन्मात जुनिपर बघितलेलं नाही. मी म्हटलं, "विलायती आहे ते." ती म्हणाली, "आसंल. मूळ तं मूळच आसतंय ना."

तिला जेवायला वाढलं. चार भाकरी खाल्ल्या, आग्रहाला मान दिला, ढेकर दिली. असं कोणी जेवलं की बरं वाटतं.

१६ जून

मनातलं लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार. हे कद्रू झालेत. रोज सकाळी मी तांदूळ काढले की हे उठून येतात, सिगारेटचा एक रिकामा डबा आणलाय कुठून तरी, त्यानं मोजतात. डबा भरला की काठावरून बोट फिरवून वरचे तांदूळ खाली पाडतात. सपाट. दाणा इकडे नाही की तिकडे नाही. मी म्हटलं, रेशनचे असले तरी आपल्याला दोघांना पुरून उरतात. हे पुन्हा डबा भरतात. पूर्वी ह्याच माणसानं दारात आलेल्याला माझ्या नकळत डब्यातला लाडू काढून दिला होता.

तिकडे दुसरी कोणी होती का, असंही मनात येऊन गेलं. तिच्या हातची सवय लागली असेल आणि माझं गोड लागत नसेल. लिहिल्यावर लाज वाटली, पण खोडत नाही.

झुडपाची टोकं तशीच. चार महिन्यांत बोटभरही वाढलं नाही. पेंड पुन्हा घालते.

१८ ऑगस्ट, रविवार

झुडूप मधून पिवळं पडलंय. वरून हिरवं दिसतं, फांदी उचलली की आत सगळं तपकिरी, हात लावला की गळतं. पावसाळ्यात जिथं दगडालासुद्धा कोंब फुटतो तिथं ह्याला काय झालं? ताकाचं पाणी घातलं, राख घातली, बेसनाच्या पाण्यानं एकेक फांदी धुतली. धुताना रडू आलं. हे मेलं तर ह्यांना मी काय सांगू? मागितलेली एकच वस्तू, तीही मला जगवता आली नाही.

तेवढ्यात दारात एक माणूस. खर्ड्याचा सहादेव. ह्यांच्याबरोबर कैदेत होता. पिशवीभर हुलगे घेऊन आला होता. हे वाचनालयात गेले होते. मी त्याला ओट्यावर बसवून पान वाढलं. अंगावर मांस नाही, पण जेवला सावकाश, शीत न् शीत वेचून. मग हात धुऊन म्हणाला, "बाईसाहेब, आमी तीन वर्सं साहेबांच्या हातचं खाल्लं."

ह्यांच्याकडून मला यातलं अक्षरही कळलेलं नाही, म्हणून मी म्हटलं, सांग बाबा. त्यानं सांगितलं ते असं. सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी ह्यांच्यातल्या काहींना कुठल्याशा बेटावर नेलं. हे रसद खात्यातले कारकून, म्हणून भात वाटायचं काम सगळ्यांनी ह्यांच्याकडे दिलं.

"सपाट डाव," सहादेव म्हणाला. "येका मानसाला येक डाव, वरून बोट फिरवून. साहेबाला बी येकच, शिपायाला बी येकच. लोक ताटली पुढं करायचे, वाढा म्हनायचे. साहेब म्हनायचे, पुरे. माझा चुलतभाऊ हुता बरूबर. मरायच्या आदल्या दिशी ताटली धरून बसला. वाढा, साहेब, म्हनला."

"मग?"

"पुरे म्हनले. काय करतील? मागं रांग हुती." आणि तो पंच्यानं डोळे पुसायला लागला. "त्येंनी तसं केलं म्हनून आमी चाळीस जन घरी आलो, बाईसाहेब. दुसऱ्या कुनाला जमलं नसतं."

तो का रडला ते मला नीट कळलं. भाऊ गेला बिचाऱ्याचा. पण माझ्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं. दुसरी बाई नाही, काही नाही. माणसं ह्यांना मानत होती, वाढण्याचं विश्वासाचं काम ह्यांच्याकडे होतं, आणि हे मला चकार शब्द बोलले नाहीत. तीन वर्षं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः एका डावावर राहिले. आता कोणी तरी ह्यांना पोटभर वाढायला नको का?

सहादेव थांबला नाही. हे आल्यावर मी सांगितलं, तर पिशवीतले हुलगे हातात घेऊन नुसते उभे राहिले.

६ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. काय झालं ते सरळ लिहायचा प्रयत्न करते.

पुण्याहून माधवभावजी आले होते, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका आणि त्यांचे यजमान, शेजारचे दोघे. पुरण घातलं होतं. ह्यांना रांगोळी काढलेला मधला पाट. बसले, निमूटपणे. चित्राहुती घातल्या. मला वाटलं, आज जमलं.

मग मी, मीच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तिकडे तीन वर्षं ह्यांनी पंगत वाढली बरं का. खर्ड्याहून माणूस येऊन सांगून गेला. आज आपण सगळ्यांनी ह्यांना वाढायचं."

सगळ्यांनी उचलून धरलं. माधवभावजी म्हणाले, "वहिनी, आज दादाला सोडायचं नाही. माझ्याकडून एक पोळी." शेजारच्यांनी एक. शिक्षिकांचे यजमान म्हणाले, "वाढा, वाढा." मग सगळेच म्हणायला लागले, हसत, वाढा, वाढा. हे म्हणाले, "पुरे." मी वाढली. "पुरे" म्हणाले आणि दोन्ही हात पानावर आडवे धरले. सगळेच धरतात तसे. सगळेच शेवटी हात काढतात. माझ्या हातात कढवलेल्या तुपाची तपेली होती आणि मी गंमतीनं म्हटलं, "हात काढा, नाहीतर हातावर वाढीन."

हात काढला नाही. आणि मला वाटलं काढतील, म्हणून मी तपेली कलती केली होती.

तूप डाव्या हाताच्या पाठीवर पडलं. गरम. हात जागचा हलला नाही. पानावर तसाच. हे माझ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. अगदी हळू म्हणाले, "मागं रांग आहे."

मी घाबरून काहीतरीच बोलले. म्हटलं, "रांग कसली, आम्ही बायका मागाहून बसू." मग भावजींनी ह्यांना उठवलं.

हातावर फोड आलाय, मनगटापासून बोटांपर्यंत. मी नवऱ्याला भाजलं. दसऱ्याच्या दिवशी, चार लोकांसमोर, कौतुक करता करता भाजलं.

९ ऑक्टोबर

भावजी गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, तुमचा हेतू चांगला होता." कोणी असं म्हटलं की समजावं, हेतूखेरीज काहीच चांगलं नव्हतं.

आज सकाळी हे कुदळ घेऊन न्हाणीमागे गेले. डाव्या हाताला पट्टी, उजव्या हातानं खणत होते. मी मदतीला गेले तर नको म्हणाले. झुडूप बाहेर निघालं तेव्हा वास आला, गटारासारखा. मुळं काळी, बुळबुळीत. पेंड तशीच्या तशी, बुरशी धरलेली. सुतळी मी इतकी घट्ट बांधली होती की फांद्यांवर वळ उठलेले. हे सगळं धुऊन काढत होते, सडलेलं चाकूनं कापत होते.

"मरेल का?" मी विचारलं.

"बघू."

"मी कमी केलं नाही हो काही."

ह्यांनी वर पाहिलं. रागानं नाही. "जास्त झालं," म्हणाले.

झाडाबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची छाती नव्हती.

मग म्हणाले, काही दिवस पारनेरला मळ्यातल्या घरी राहतो. झुडूप गोणपाटात गुंडाळून सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवलं. मी डबा भरून दिला होता. मोटार गेल्यावर बघते तो डबा ओट्यावरच.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. एकटीनं. पाडव्याला ओवाळायला कोणी नव्हतं. भावजींचं पत्र आलं, या म्हणून. गेले नाही. शाळेतल्या बायका मला बघून बोलायच्या थांबतात. विचारतात, हात कसा आहे. मी म्हणते, बरा आहे. मला काय ठाऊक कसा आहे.

कैदेत होते तेव्हा निदान जपान्यांनी नेलं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

झुंबरबाई आली. हात बरा झाला, डाग राहिलाय, म्हणाली. झुडूप तिच्या घरामागच्या टेकाडावर लावलंय, मुरमात, आजूबाजूला दगड रचून. लावताना एक तांब्या पाणी, त्यावर काही नाही. मी विचारलं, जेवतात का?

"जेवत्यात की. दोन भाकरी. कदी अडीच."

मी भाजी चिरत होते. विळीवरून उठले. "अडीच?"

"व्हय. मी वाडते. मालक पुरं म्हनले की मी टोपलं उचलून घिऊन जाते. त्यात काय?"

"एकदाही विचारत नाहीस?"

"पुरं म्हनल्यावर काय इचारायचं, बाई? मला रानात जायचं आसतं."

अडीच भाकरी. माझ्या घरात दहा महिन्यांत ह्यांनी एक पोळी धड खाल्ली नाही. मला झुंबरबाईचा इतका राग आला की तिला वाढताना मी मुद्दाम एकदाही आग्रह केला नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. पाहिजे तेवढं मागून घेतलं आणि उठली.

ती गेल्यावर ओट्यावर बसून राहिले. ह्यांना पुरे म्हणजे पुरेच म्हणायचं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. अठरा वर्षांच्या संसारात एकदाही. सुचलं तेव्हा वाईट वाटलं, आणि मग भीती वाटली. माझ्याबद्दलही त्यांनी तेच म्हटलं असेल तर?

७ डिसेंबर, शनिवार. मळ्यात

रजा टाकून आले. सुप्यापर्यंत मोटार, पुढे पुंजारामची बैलगाडी. पहाटे निघाले ती दुपारी बारा वाजता पोचले, पोटात चहाच्या एका कपाखेरीज काही नाही. वाटेत ठरवून टाकलं होतं, काही विचारायचं नाही, घरी चला म्हणायचं नाही, करायला लागायचं नाही. पाहुणीसारखं बसायचं. बरोबर खायचंसुद्धा काही आणलं नाही. रिकाम्या हातानं नवऱ्याच्या दारात उभी राहताना मला चोरट्यासारखं झालं.

हे बरे दिसतात. काळवंडलेत, पण गाल भरलेत. टेकाडावर घेऊन गेले. झुडपाची एक बाजू पार वाळलीय. दुसरी हिरवी आहे. ती हिरवी बाजू जगेल की नुसती अजून वाळायची राहिलीय, हे कळायला वर्ष लागेल म्हणाले. ह्या जातीचं झाड मेलं तरी बरेच दिवस हिरवंच दिसतं. मी हात लावला नाही. पदराला दोन्ही हात गुंडाळून उभी होते.

खाली आलो तर चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटत होती. झुंबरबाई रानात गेलेली. ह्यांनी स्वतः केली होती. मला म्हणाले, "बस." मी आपोआप चुलीकडे वळले तर पुन्हा म्हणाले, "तू बस, प्रेमला."

मी पाटावर बसले. अठरा वर्षांत मी बसलेय आणि ह्यांनी वाढलंय असं झालं नव्हतं. ह्यांनी उजव्या हातात डाव घेतला, डाव्यात पातेल्याचं झाकण. भाजलेलाच हात. पातेल्यावर डाव तसाच धरून किती तरी वेळ उभे. मग एक डाव माझ्या ताटात घातला.

"पुरे," मी म्हटलं.

सवयच ती. पहिलं पुरे. मी म्हटलं नाही, तोंड म्हणालं.

ह्यांनी डाव तिथल्या तिथं थांबवला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि समोर बसले.

मी खायला लागले. शेंगोळी झणझणीत झाली होती, लसूण भरपूर. चार घासांत ताट रिकामं. मला सपाटून भूक लागली होती. मी वाट बघितली. बोटं चाटली. ताटाच्या कडेला लागलेलं निपटलं. हे शांतपणे आपलं जेवत होते. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग डोळ्यांत पाणीच यायला लागलं. माहेरी पुरुषांची पंगत उठल्यावर पातेल्यात उरेल ते आम्ही खायचो. सासरी मी वाढणारी. मला हवंय, असं म्हणायची वेळच आली नव्हती, की मी ती येऊ दिली नव्हती, कोण जाणे. आज म्हणायचं तर जीभ उचलेना. शेवटी ताटाकडे बघतच म्हटलं, "मला अजून हवंय."

ह्यांचा घास हातात राहिला. "काय?"

"भूक लागलीय मला. वाढा."

तो शब्द तोंडातून गेला आणि मी चरकले. दसऱ्याच्या दिवशी सगळे हेच ओरडत होते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. आता उठून जातील, माझं हेही चुकलं, असं वाटलं. हे उठले, पण चुलीकडे गेले. झाकण काढलं. आत वाकून बघितलं, बराच वेळ, एवढंसं पातेलं ते. मग वाढलं. एक डाव, वर शीग चढलेला. बोट फिरवलं नाही.

"पुरे?"

"नाही," मी म्हटलं.

दुसरा डाव घातला. पातेलं माझ्याकडे कलतं करून दाखवलं आणि म्हणाले, "अजून आहे." आवाज कसा तरी झाला होता. मी खात होते तोवर पुन्हा तेच. अजून आहे, प्रेमला. अजून आहे. ह्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसायचं भान नव्हतं, आणि तोंडावर मात्र हसू होतं, लग्नातल्या फोटोत आहे ना, तसं.

शेंगोळी वाढण्यात माणसाला एवढा आनंद कसला होतो, मला खरंच उमजलं नाही. विचारलंही नाही. पोट केव्हाच भरलं होतं, कंबरेची गाठ रुतायला लागली होती. उद्या सकाळच्या गाडीनं मला एकटीलाच नगरला परतायचंय, हे यायचं काही बोललेले नाहीत.

पण पातेलं रिकामं होईपर्यंत मी पुरे म्हटलं नाही.